जुनी फोर-बाय-फोर रात्रीत बसते? कॉम्प्रेसर बदलण्याआधी गळती शोधा

जुलैतल्या एका सकाळी खारघरमधल्या आमच्या सोसायटीच्या वॉचमनदादांनी हाक मारली, "साहेब, पुढचं डावं चाक पंक्चर झालंय वाटतं." चाक पंक्चर नव्हतं. टायरमध्ये हवा बरोबर होती, पण चाक आणि मडगार्डच्या मधल्या ज्या फटीत आदल्या रात्री अख्खी मूठ जात होती, तिथे आता दोन बोटंही शिरत नव्हती. गाडी चालू केली, खालून घरघर झाली, दोनेक मिनिटांत ती उठून उभी राहिली आणि मी कामाला निघालो.

दोन महिने रोज सकाळी हेच चाललं. मग एके संध्याकाळी वाशीच्या खाडीपुलावर डॅशबोर्डवर सस्पेन्शनचा पिवळा दिवा लागला. गॅरेजवाल्याने सस्पेन्शनमध्ये हवा भरणारा कॉम्प्रेसर गेल्याचं सांगून नवा बसवला. तो आठ महिन्यांत गेला. दोन्ही वेळा खरं दुखणं एकच होतं: पुढच्या डाव्या बलूनच्या, म्हणजे स्प्रिंगऐवजी गाडी तोलणाऱ्या हवेच्या रबरी पिशवीच्या, घडीत पडलेली केसाएवढी चीर. साबणाच्या पाण्याने ती वीस मिनिटांत सापडली असती. एअर सस्पेन्शनची जुनी गाडी नुकतीच घेतलेल्यांनी ती वीस मिनिटं आधीच द्यावीत, यासाठी हे लिहितो आहे.

माझी गाडी लँड रोव्हर डिस्कव्हरी ४ आहे, त्यामुळे खालची वर्णनं डिस्कव्हरी ३ आणि ४ ला धरून आहेत. दोघींची सस्पेन्शनची रचना जवळपास एक आहे. जुनी रेंज रोव्हर, मर्सिडीज एमएल, आउडी क्यू७ किंवा फोक्सवॅगन टुआरेग असेल तर भागांच्या जागा बदलतील, शोधायची पद्धत हीच राहील.

हवा कुठून कुठे जाते

इलेक्ट्रॉनिक एअर सस्पेन्शन फोर-बाय-फोरवर आलं ते १९९२ मध्ये, रेंज रोव्हर क्लासिकवर. डिस्कव्हरी ३ चं उत्पादन २००४ मध्ये सुरू झालं आणि लँड रोव्हर अधिकृतपणे भारतात आली २००९ मध्ये. म्हणजे आपल्याकडे सेकंडहँड मिळणाऱ्या गाड्यांतलं रबर आता दहा ते पंधरा वर्षांचं आहे. रबराचा बलून हा झिजणारा भाग आहे, टायरसारखाच. हे आधीच धरून चाललं की पुढचा त्रास निम्मा होतो.

शिवनेरीच्या व्होल्वो बसखाली काळे रबरी बलून दिसतात, आपल्या गाडीतले त्याच जातीचे, फक्त लहान आणि शॉकअॅब्सॉर्बरभोवती बसवलेले. कॉइल स्प्रिंगचं काम तेच करतात. डाव्या बाजूला पायरीच्या आत, मागच्या चाकाच्या पुढे, कॉम्प्रेसर झाकणाखाली असतो. तो बाहेरची हवा ओढतो, ती ड्रायरमधून जाते आणि शेजारच्या टाकीत साठते. टाकीतून ती व्हॉल्व्ह ब्लॉकांमध्ये, म्हणजे हवेची वाट उघडणाऱ्या-मिटणाऱ्या व्हॉल्व्हच्या पेट्यांत, आणि तिथून सहा मिलिमीटरच्या नायलॉन पाइपांतून चारही बलूनमध्ये पोचते. प्रत्येक चाकापाशी एक उंचीचा सेन्सर आहे. त्याचा छोटा दांडा चाकाबरोबर वरखाली होतो आणि गाडी किती उंच आहे ते कंट्रोल मॉड्यूलला, म्हणजे सस्पेन्शन चालवणाऱ्या छोट्या संगणकाला, कळवत राहतो. टाकीतला दाब साधारण १५ बारच्या वर असतो. टायरमधला ३३ पीएसआय म्हणजे जेमतेम सव्वादोन बार. फरक लक्षात ठेवा, पाइप सोडताना उपयोगी पडेल.

यातला सगळ्यात दुर्लक्षित भाग म्हणजे ड्रायर. कॉम्प्रेसरला जोडलेल्या नळकांड्यात सिलिका जेलचे पांढरे मणी भरलेले असतात. बाहेरून आलेल्या हवेतली वाफ ते शोषून घेतात. गाडी खाली उतरते तेव्हा बलूनमधली कोरडी हवा याच मण्यांमधून उलटी बाहेर जाते आणि जाताना त्यांचा ओलावा घेऊन जाते. असा हा मण्यांचा सुकवण्याचा क्रम आहे, पण हवा त्याच वाटेने परत गेली तरच तो चालतो.

बलूनला चीर पडली की हवा चिरेतून बाहेर पडते, ड्रायरमधून नाही. कॉम्प्रेसर नवी हवा ओढत राहतो. पावसाळ्यात नवी मुंबईची हवा किती दमट असते ते घरातल्या मिठाच्या बरणीला विचारा. मणी ओले होतात, सुकत नाहीत, शेवटी फुटून त्यांचं पीठ होतं. ते पीठ पाइपांतून व्हॉल्व्ह ब्लॉकमध्ये जाऊन व्हॉल्व्ह नीट मिटू देत नाही. मग तिथूनही गळती सुरू होते. तिकडे जास्त वेळ चालून कॉम्प्रेसरच्या पिस्टनची सील झिजते, तो तापतो, तापला की स्वतःहून थांबतो आणि दिवा लागतो. पहिला दिवा लागतो तेव्हा या गोष्टीला काही महिने होऊन गेलेले असतात. म्हणून "कॉम्प्रेसर गेला" हे निदान अर्धवट आहे. तो का गेला, हे शोधल्याशिवाय नवा बसवू नका.

गाडीखाली जाण्याआधी

हा भाग कृपा करून वगळू नका. हवेवर उभी असलेली गाडी कोणत्याही क्षणी खाली येऊ शकते: पाइप निसटला, व्हॉल्व्ह उघडला किंवा कंट्रोल मॉड्यूलला उंची बदलावीशी वाटली तरी. दोन टनांहून जड गाडी आणि जमीन यांत माणूस मावेल एवढी जागा उरत नाही.

म्हणून खाली हात किंवा डोकं घालायचं असेल तर गाडी सपाट, पक्क्या जमिनीवर लावा, चाकांना ठोकळ्यांची ओट द्या आणि चासीखाली लोखंडी स्टँड, म्हणजे गॅरेजवाले ज्याला घोडी म्हणतात ती, लावा. नुसता जॅक चालणार नाही. सोसायटीच्या पेव्हर ब्लॉकवर घोडी रुतते, तिच्याखाली जाड प्लायवूड ठेवा. सस्पेन्शनचा फ्यूज काढून ठेवा. कोणताही हवेचा पाइप सोडण्याआधी त्या भागातला दाब स्कॅनरने (गाडीच्या मॉड्यूलशी बोलणाऱ्या यंत्राने) किंवा माहीतगार मेकॅनिककडून सोडवून घ्या आणि डोळ्यांना चष्मा लावा. १५ बारने सुटलेला नायलॉन पाइप चाबकासारखा फिरतो.

पुढच्या पहिल्या चार पायऱ्यांसाठी गाडीखाली जावंच लागत नाही.

पायरी १: दिवा कोणता, गाडी कशी

पिवळा दिवा आणि "नॉर्मल हाइट ओन्ली" असा संदेश आला तर गाडी चालवता येते, फक्त उंची बदलत नाही. लाल दिवा आला तर बाजूला घ्या आणि थांबा.

नवख्याला बिघाड वाटणाऱ्या पण बिघाड नसलेल्या गोष्टी काही आहेत. दार उघडं असलं की गाडी उंची बदलत नाही. इंजिन बंद असताना ती वर चढत नाही. चढताना आधी मागची बाजू उठते, मग पुढची. दोन-तीनदा सलग वरखाली केलं तर कॉम्प्रेसर तापून थोडा वेळ सुट्टी घेतो. थंड झाल्यावर पुन्हा चालतो. यांतलं काही झालं म्हणून गॅरेज गाठू नका.

पायरी २: बॅटरी

सस्पेन्शनच्या लेखात बॅटरी का, असं वाटेल. या गाड्यांचे मॉड्यूल कमी व्होल्टेजला फार हळवे आहेत. सुरू करताना बॅटरी खाली गेली की सस्पेन्शनचे, ब्रेकचे, गिअरबॉक्सचे दिवे एकदम लागतात आणि माणूस भलत्याच ठिकाणी शोधत बसतो. मल्टिमीटर लावा. रात्रभर उभ्या गाडीच्या बॅटरीवर १२.४ ते १२.६ व्होल्ट हवेत, इंजिन चालू असताना साधारण १४ च्या आसपास. ऑफिस घराजवळ आणि गाडी रोज तीन-चार किलोमीटरच चालत असेल, तर बॅटरी कधीच पूर्ण भरत नाही. घोडबंदर रोडच्या रांगेत एसी लावून तासभर उभं राहणाऱ्यांचीही तीच गत. एकाच वेळी तीन-चार वेगवेगळे दिवे लागत असतील तर बॅटरीवर संशय आधी घ्या.

पायरी ३: फ्यूज आणि रिले

इंजिनच्या खोलीतल्या फ्यूजपेटीत सस्पेन्शनचा फ्यूज आणि कॉम्प्रेसरचा रिले, म्हणजे त्याची वीज चालू-बंद करणारा छोटा स्विच, असतो. नेमकी जागा वापरपुस्तिकेतल्या नकाशात आहे. जुना रिले आतून जळतो. मग एकतर कॉम्प्रेसर सुरूच होत नाही, किंवा त्याहून वाईट म्हणजे रिले चिकटतो आणि गाडी बंद केल्यावरही कॉम्प्रेसर चालू राहतो. असं ऐकू आलं तर वेळ न घालवता रिले उपसून काढा, नाहीतर कॉम्प्रेसरही जळेल आणि बॅटरीही रिकामी होईल. रिले हा या सगळ्या यंत्रणेतला अगदी स्वस्त भाग आहे. गाडी दहा वर्षांच्या पुढची असेल तर तो बदलून टाका, खराब होण्याची वाट पाहू नका. काढलेल्या रिलेच्या पायांवर काळपट डाग दिसतो का तेही बघा.

पायरी ४: रात्रीची मोजणी

माझ्या मते सगळ्यात मोलाची पायरी ही आहे आणि नेमकी हीच बहुतेक गॅरेजं करत नाहीत, कारण त्यांच्याकडे गाडी रात्रभर मोकळी उभी ठेवायला ना जागा ना वेळ. घरच्या पार्किंगमध्ये तुम्हाला दोन्ही आहे.

एक शिंप्याचा किंवा सुताराचा टेप घ्या. चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या वरच्या कडेपर्यंतचं अंतर मोजा, चारही चाकांचं. जमिनीपासून मोजू नका. टायरच्या हवेने आणि पार्किंगच्या उताराने तो आकडा चुकतो (इमारतीच्या पोडियम पार्किंगमध्ये पाणी वाहून जावं म्हणून उतार दिलेलाच असतो, डोळ्यांना दिसला नाही तरी). आकडे वहीत लिहा.

आता सगळ्यात महत्त्वाचं: मोजल्यावर सस्पेन्शनचा फ्यूज काढून ठेवा. हे मला फार उशिरा कळलं. गाडी बंद असतानाही कंट्रोल मॉड्यूल काही तासांनी जागं होतं, चारही कोपरे तपासतं आणि एक खाली गेला असेल तर बाकीच्या तिघांतली हवा सोडून त्यांना त्याच्या पातळीवर आणतं. गाडी तिरकी दिसू नये यासाठी ही सोय आहे. पण सकाळी आपल्याला चारही बाजू खाली दिसतात आणि "सगळीकडेच गळती आहे" असा समज होतो. मलाही एकदा चारही बलून बदलायला सांगितलं गेलं होतं ते यामुळेच. फ्यूज काढला की मॉड्यूल झोपलेलं राहतं आणि ज्या कोपऱ्यातून हवा जाते तोच खाली येतो.

सकाळी गाडीला हात न लावता, दार न उघडता पुन्हा मोजा. माझ्या वहीत त्या दिवशीची नोंद अशी आहे: पुढची डावी ६२ मिलिमीटर खाली, पुढची उजवी ९, मागच्या दोन्ही ४ आणि ५. पुढच्या उजवीची घट गळतीची नव्हती. डावी बाजू खाली गेली की दोन्ही बाजूंना जोडणारा दांडा, अँटी-रोल बार, शेजारच्या चाकावरही थोडा परिणाम करतो. मागची चार-पाच मिलिमीटरची घट रात्रीच्या गारव्याची. हवा थंड झाली की आकसते, तेवढी उंची कमी होणारच. त्यापायी झोप घालवू नका.

आकडे असे वाचा. एकच कोपरा बराच खाली असेल तर त्याचा बलून, त्याचा पाइप किंवा व्हॉल्व्ह ब्लॉकमधला त्याचा व्हॉल्व्ह, या तिघांपैकी एक. पुढच्या किंवा मागच्या दोन्ही बाजू सारख्याच खाली असतील तर आधी त्या बाजूचा व्हॉल्व्ह ब्लॉक तपासा, कारण दोन बलून एकाच रात्री सारख्याच वेगाने गळणं कठीण. चारही जागच्या जागी आहेत पण सकाळी गाडी वर चढायला खूप वेळ घेते, तर गळती टाकीच्या किंवा कॉम्प्रेसरच्या बाजूला आहे, नाहीतर कॉम्प्रेसर दमला आहे.

एका रात्रीवर भरवसा ठेवू नका. तीन रात्री मोजा. काही चिरा एका ठराविक उंचीवरच उघडतात. सामान्य उंचीवर काहीच सापडलं नाही तर एक रात्र गाडी ऑफ-रोड उंचीवर (सगळ्यात वर) ठेवून मोजा.

पायरी ५: साबणाचं पाणी

कोपरा कळला की आता जागा शोधायची. भांडी घासायचं लिक्विड पाण्यात मिसळा, फवारणीच्या बाटलीत भरा. गाडी ऑफ-रोड उंचीवर न्या, फ्यूज काढा, घोडी लावा, चाक काढा. उंच केलेल्या गाडीत बलूनची घडी उलगडते आणि तिच्यात लपलेली चीर उघडी पडते. रबर जिथे स्वतःवर दुमडतं तिथेच ते आधी तडकतं, कारण तिथे धूळ आणि वाळू अडकून घासत राहते. घोडबंदर रोडवर मेट्रोच्या कामाची जी बारीक सिमेंटची धूळ उडते ती या घडीत बसलेली मी पाहिली आहे. आधी साध्या पाण्याने ती धुऊन काढा, पाणी निथळू द्या, मग साबण मारा.

मारल्यावर लगेच पुढे सरकू नका. हे मला कळंबोलीतल्या एका काकांनी शिकवलं. त्यांचं अर्धं आयुष्य बस आणि ट्रकच्या हवेच्या पाइपांत गेलं. "फुगा लगेच येत नाही, साबणाला बघायला वेळ दे," असं म्हणून ते पाच मिनिटं नुसते उभे राहिले. मोठी गळती लगेच फसफसते, पण रात्रभरात गाडी बसवणारी गळती इतकी बारीक असते की दोन-तीन मिनिटांनी दह्यावरच्या फेसासारखे पांढरे ठिपके दिसतात. टॉर्च तिरपी धरली की ते लवकर दिसतात.

बलूननंतर त्याच्या डोक्यावरचा पाइपचा जोड बघा. मग पाइप हाताने चाचपत व्हॉल्व्ह ब्लॉकपर्यंत जा. पुढचा ब्लॉक पुढच्या बंपरच्या मागे, मागचा मागे चासीवर, आणि टाकीचा टाकीजवळ. पाइप कुठे चासीला घासला आहे का, आणि उंदराने कुरतडला आहे का, हेही बघा. सानपाडा, नेरुळकडच्या जुन्या सोसायट्यांत पार्किंगमधले उंदीर वायरी खातात हे सगळ्यांना माहीत आहे. नायलॉनचा पाइपही त्यांना वर्ज्य नाही.

पाइपच्या जोडातून फुगे आले तर नशीब चांगलं. पाइपचं टोक धारदार कटरने अगदी सरळ, काटकोनात कापायचं, पितळी जोड नवा घालायचा आणि पाइप पूर्ण आत बसेपर्यंत दाबायचा. कात्रीने तिरकं कापलेलं टोक पुन्हा गळतं. दाब पेलणारा सहा मिलिमीटरचा नायलॉन पाइप रबाळे, तुर्भे एमआयडीसीच्या किंवा वागळे इस्टेटच्या न्यूमॅटिकच्या (हवेच्या दाबावर चालणाऱ्या साहित्याच्या) दुकानांत मिळतो, फक्त त्यावर छापलेला दाब वाचून घ्या. अॅक्वेरियमच्या दुकानातला पाइप किती का स्वस्त असेना, इथे लावू नका.

बलूनलाच चीर असेल तर त्यावर पंक्चरचा पॅच, रबर सोल्युशन, फेव्हिक्विक यांपैकी काहीही चालत नाही. घडी प्रत्येक खड्ड्यात हलते. बलून बदलायचा आणि एका बाजूचा गेला असेल तर त्याच वयाच्या समोरच्या बाजूचाही बदलायचा विचार करायचा. दुसरा फार दिवस मागे राहत नाही. मी फक्त डावा बदलला होता, उजवा पुढच्या पावसाळ्यात गेला.

पायरी ६: उंचीचे सेन्सर

गळती सापडतच नाही, पण गाडी चालताना अचानक एक कोपरा उचलते किंवा टाकते, खड्ड्यानंतर दिवा लागतो आणि गाडी बंद करून चालू केली की जातो. अशी लक्षणं हवेची नाहीत, सेन्सरची आहेत. सेन्सरच्या दांड्याचे सांधे झिजतात, किंवा प्लगमध्ये पाणी जाऊन पिना हिरव्या पडतात. पाणी साचलेल्या रस्त्यातून चाकांच्या मध्यापर्यंत गाडी नेली असेल तर हे हमखास बघा. प्लग काढा, इलेक्ट्रिकल कॉन्टॅक्ट क्लीनर मारा, सुकू द्या, परत लावा. दांडा हाताने हलवून सैल वाटतो का बघा.

सेन्सर किंवा बलून बदलल्यावर उंचीचं कॅलिब्रेशन, म्हणजे मॉड्यूलला बरोबर उंची नव्याने शिकवणं, करून घ्यावं लागतं. ते स्कॅनरशिवाय होत नाही. त्याशिवाय गाडी एका बाजूला झुकून उभी राहील आणि तुम्ही पुन्हा गळती शोधत बसाल.

पायरी ७: स्कॅनर

बाजारात मिळणारा स्वस्त ब्लूटूथ ओबीडी (बिघाडाचे कोड वाचायला गाडीच्या सॉकेटला लावायचा छोटा प्लग) बहुतेक वेळा इंजिनचेच कोड वाचतो, सस्पेन्शनच्या मॉड्यूलपर्यंत पोचत नाही. लँड रोव्हरसाठी बनवलेला स्कॅनर लागतो. स्वतः विकत घ्यायचा की ज्याच्याकडे आहे त्या गॅरेजकडे जायचं हा खिशाचा प्रश्न आहे. पण ही गाडी पाच वर्षं ठेवायची असेल तर चांगला स्कॅनर स्वतःचे पैसे वसूल करतो.

कोड वाचले की ते लिहून ठेवा, पुसा, दोन दिवस गाडी चालवा आणि पुन्हा वाचा. परत आलेले कोडच खरे. जुने कोड मॉड्यूलमध्ये वर्षानुवर्षं पडून राहतात. सी१ए२० हा कोड तुम्हाला जवळजवळ नक्की भेटेल. त्याचा अर्थ टाकी भरताना दाब अपेक्षेपेक्षा हळू वाढतो आहे. बरेचजण तो पाहून कॉम्प्रेसर मागवतात. दाब हळू वाढण्याचं कारण दमलेला कॉम्प्रेसर असू शकतं, तसंच कोंदलेला ड्रायर, तुंबलेला हवेचा फिल्टर, किंवा एकीकडे भरत असताना दुसरीकडे गळणारी टाकीची बाजूही असू शकते. कोड लक्षण सांगतो, कारण आपल्याला शोधावं लागतं.

पायरी ८: आता कॉम्प्रेसर

गळती बंद झाली, तरी गाडी उचलायला वेळ लागतो, आवाज पूर्वीच्या घरघरीऐवजी खडखडाटासारखा येतो, तर आता कॉम्प्रेसरकडे वळा. नवीन घेण्याआधी जुना उघडून बघायला हरकत नाही. पिस्टनची सील आणि ड्रायरचे मणी यांचे दुरुस्ती संच मिळतात. मोटर चांगली असेल तर त्यावर कॉम्प्रेसर पुन्हा वर्षानुवर्षं चालतो. ड्रायर उघडल्यावर मण्यांऐवजी पांढरं पीठ किंवा चिखल निघाला, तर व्हॉल्व्ह ब्लॉकही काढून साफ करून घ्यावेच लागतील. नाहीतर नव्या कॉम्प्रेसरची हवा जुन्या पिठातूनच जाईल.

नवा घ्यायचाच असेल तर एक गोष्ट विचारून घ्या. सुरुवातीच्या गाड्यांत हिताची कंपनीचा कॉम्प्रेसर होता, नंतर एएमके कंपनीचा आला. हिताचीच्या जागी एएमके बसवता येतो, पण मॉड्यूलचं सॉफ्टवेअर बदलून घ्यावं लागतं. ते न करता बसवला की कॉम्प्रेसर नवा आणि कोड जुनेच, असं होतं. पैसे देण्याआधी दुकानदाराला आणि गॅरेजला हे दोघांनाही विचारा.

बसवून झाल्यावर बिल देण्याआधी एकच मागणी करा: गाडी एक रात्र फ्यूज काढून उभी ठेवून सकाळचे चारही आकडे द्या. चांगला मेकॅनिक याला नाही म्हणत नाही.

वाटेत अडकलात तर

गायमुखच्या घाटात किंवा मुंब्रा बायपासवर ट्रकच्या गर्दीत दिवा लागला तर पहिलं काम गाडी डावीकडे सुरक्षित जागी घेणं. पिवळा दिवा आहे आणि गाडी अजून नीट उंचीवर उभी आहे, तर इंजिन बंद करून फ्यूज काढा. मॉड्यूल तिला आणखी खाली आणू शकणार नाही, बलूनमध्ये असलेल्या हवेवर हळू चालवत घरी पोचता येतं. वेग पन्नासच्या खाली, खड्डे टाळत.

गाडी पूर्ण बसून रबरी थांब्यांवर टेकली असेल तर तिला चालवू नका. टायर मडगार्डच्या आत घासतात आणि प्रत्येक धक्का थेट चासीला बसतो. चारही चाकं वर घेणारी फ्लॅटबेड टोइंगच मागवा, दोन चाकांवर ओढणारी नको. टोइंगवाल्याला फोनवरच सांगा की गाडी जमिनीला टेकलेली आहे, म्हणजे तो लांब रॅम्प किंवा फळ्या घेऊन येईल.

लांब फिरणाऱ्यांपैकी काहीजण प्रत्येक पाइपात टायरसारखा व्हॉल्व्ह जोडून ठेवतात, म्हणजे गरज पडल्यास बाहेरून हवा भरता येते. भीमाशंकर, माळशेजकडे नेहमी जाणाऱ्यांनी हे जरूर करावं. फक्त टायरपेक्षा बराच जास्त दाब लागतो, सिगारेट सॉकेटवर चालणाऱ्या छोट्या पंपाच्या आवाक्यातलं ते काम नाही.

कॉइल स्प्रिंग लावून टाकू का?

दर दुसरा माणूस हा सल्ला देईल. बलून काढून लोखंडी स्प्रिंग बसवायचे संच मिळतात. मी तो घेतला नाही, आणि घेऊ नये असंच माझं मत आहे. गाडीची उंची बदलण्याची सोय, सामान भरल्यावर सरळ उभं राहणं, खराब रस्त्यावर वर उठणं, हे सगळं जातं आणि सस्पेन्शनचे दिवे बंद ठेवायला सॉफ्टवेअरशी खेळावं लागतं. शिवाय मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे निर्मात्याच्या मूळ रचनेला सोडून गाडीत बदल करायला मर्यादा आहेत. पंधरा वर्षांनी गाडीची फेरनोंदणी करायची वेळ येते तेव्हा आरटीओत ती तपासली जाते. बदल करायचा झालाच तर आधी आपल्या भागातल्या आरटीओत जाऊन विचारा, नंतर नको.

गाडी अजून घेतली नसेल तर

सेकंडहँड गाडी बघायला शक्यतो सकाळी लवकर जा आणि मालकाला आधीच विनंती करा की तुम्ही येईपर्यंत ती सुरू करू नये. पोचल्यावर बोनेटवर हात ठेवा, गरम असेल तर गाडी तुमच्यासाठी आधीच उचलून ठेवलेली असू शकते. चारही चाकांवरची फट बघा. सुरू करून तिन्ही उंच्यांवर न्या: खाली, मध्ये, वर. किती वेळ लागतो ते घड्याळात बघा. मग इंजिन बंद करून कान द्या. कुठे सूं आवाज येतो का, कॉम्प्रेसर थांबतो का.

आणि तुमच्याकडे आधीच ही गाडी असेल तर मे महिन्याच्या शेवटी, पहिला पाऊस पडायच्या आत, एक रात्र फ्यूज काढून मोजणी करा. जूनमध्ये हवा दमट झाल्यावर सापडलेली गळती ड्रायरचं आधीच नुकसान करून बसलेली असते. माझी वही ग्लोव्हबॉक्समध्ये असते, टेप तिच्यातच गुंडाळलेला. यंदाच्या मेमध्ये चारही आकडे सहा मिलिमीटरच्या आत होते.